बर्फाच्या पाण्यातली ट्राऊट: बेळगावातनं तीर्थनला गळ टाकायला जायचं असेल तर हे सगळं वाचून जा

आमच्याकडं नदी कधी चढणार हे लहान पोरालासुद्धा कळतंय. कणकुंबी-जांबोटीकडं आभाळ काळं झालं की खानापुरात मलप्रभा लाल होणार, राकसकोप भरत आलं की मार्कंडेय फुगणार. आधी पाऊस दिसतो आणि मग पाणी येतं. हिमालयात, हिमाचलमधल्या तीर्थन नदीवर, जिथं ट्राऊट हा गार पाण्यातला मासा मिळतो, एप्रिल-मे महिन्यात हे सगळं उलटं असतंय. आभाळ निळंशार, ऊन चक्क पडलेलं, पावसाचा थेंब नाही आणि दुपारी तीन वाजता नदी चढायला लागते, कारण वर डोंगरावर ऊन पडलं म्हणजेच बर्फ वितळला. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हे कुणीतरी सांगितलं होतं पण डोक्यात शिरलं नव्हतं, नदीच्या मधल्या एका दगडावर उभा राहून दुपारभर गळ टाकत होतो, येताना गुडघ्याखाली असलेलं पाणी परत जाताना मांडीपर्यंत आलं होतं आणि इतकं गार की पायाखालचं दगड कळेना. काठावर माझ्या होमस्टेचे मालक होते, त्यांनी लांब बांबू पुढं केला म्हणून बाहेर आलो. तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे की बर्फाच्या नदीला घड्याळ असतंय, ते घड्याळ शिकलात की मासा कुठं, कधी, कशानं लागणार आणि आपण पाण्यात कधी उतरायचं नाही हे सगळं त्यातनंच कळतंय. म्हणून सामानाच्या आधी नदीच सांगतो.

नदीचं घड्याळ

रात्री वर गारठा पडतो, बर्फ वितळायचा थांबतो, म्हणून पहाटेपासून सकाळपर्यंत पाणी सगळ्यात कमी आणि सगळ्यात स्वच्छ असतंय. सूर्य वर आला की वितळणं सुरू होतं पण ते पाणी तुमच्यापर्यंत यायला वेळ लागतो. बर्फाच्या जवळच्या छोट्या ओढ्यात दुपारी तीन-चारलाच पाणी चढतं, खाली दरीत मोठ्या नदीवर तीच चढ संध्याकाळी किंवा रात्री येते. म्हणजे तुम्ही कुठं उभे आहात त्यावर वेळ बदलते, एका जागेचा टाइम दुसऱ्या जागेला लावायचा नाही.

मग पहाटे पाचला जाऊन बसायचं का? नाही. हिडकलला कटल्यासाठी आपण अंधारात जाऊन बसतो ती सवय इथं उपयोगाची नाही. पहाटे पाणी स्वच्छ असतंय पण फार गार. पाणी ५ अंशाच्या खाली असलं की ट्राऊट तळाला सुस्त पडून राहते, खाण्यासाठी हलत नाही. साधारण ८ ते १५ अंशात ती चांगली खाते. ऊन पाण्यावर आलं, नऊ-साडेनऊनंतर पाणी दोन-तीन अंश तापलं की तळातले किडे हलायला लागतात आणि मासाही हलतो. मग दुपारनंतर वरचं नवं बर्फाचं पाणी येतं, परत गार आणि गढूळ. याचा अर्थ साडेनऊ ते एक, हे तुमचे सोन्याचे तास. साध्या दोरीला बांधलेला एक थर्मामीटर जवळ ठेवा, दर तासाला पाण्यात सोडून बघा, दोन दिवसांत तुमच्या तुम्हालाच नदी कळायला लागेल.

ढगाळ, गार दिवस असेल तर बर्फ कमी वितळतो, मग संध्याकाळपर्यंतसुद्धा पाणी खेळण्यासारखं राहतं. असा दिवस मिळाला तर सोडू नका. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बर्फावर पडणारा पाऊस, त्यात दोन्ही पाणी एकदम येतं. त्या दिवशी रॉड खोलीत ठेवायचा.

रंगही बघायला शिका. हिरवट-निळं पाणी उत्तम. ताकासारखं पांढरट झालं असेल तर वितळण वाढलंय, काठाकाठानं चालू शकतं. एकदम तपकिरी झालं, त्यात काटक्या-पाचोळा वाहत आला, तर वर कुठंतरी पाऊस झालाय किंवा दरड पडली आहे, गळ गुंडाळत बसू नका, तसंच बाहेर या. माझा साधा हिशोब असा की गुडघाभर पाण्यात उभं राहून स्वतःचा बूट दिसला तर मासेमारी करायची, नाही दिसला तर चहा प्यायचा.

कुठं आणि कसं जायचं

हिमाचलमध्ये ट्राऊटसाठी जागा बऱ्याच आहेत, मंडी जिल्ह्यात बरोटला उहल नदी आहे, कुल्लूत वरच्या बाजूला बियास आहे, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला मी तीर्थनच सांगतो. ही नदी ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमधनं येते, गुशैणी, नागिणी, बंजार करत खाली लारजीजवळ बियासला मिळते. वर धरण नाही हे महत्त्वाचं, त्यामुळं पाणी चढलं तरी निसर्गाच्या चालीनं चढतं. गुशैणी साधारण १५०० मीटरवर आहे, बेळगावच्या दुप्पट उंची, त्यामुळं दम लागणं, डोकं दुखणं असलं काही सहसा होत नाही.

ट्राऊट मूळची तिथली नव्हे, इंग्रजांनी आणलेली. १९०० च्या आसपास काश्मीरमध्ये आणली आणि १९०९ च्या सुमारास कुल्लूत. नदीत मुख्यतः ब्राऊन ट्राऊट मिळते, अंगावर काळे आणि लाल ठिपके असतात. रेनबो ट्राऊटच्या कुशीवर गुलाबी पट्टा असतो, ती फार्मवर जास्त पाळतात. तिथली मूळची मासळी म्हणजे 'असला' नावाची, तिला स्नो ट्राऊट म्हणतात पण ती आपल्या रोहू-कटल्याच्याच घराण्यातली, तोंड खालच्या बाजूला असतं आणि दगडावरचं शेवाळ खाते. गळाला लागली तर अलगद सोडा, बाहेरनं आणलेल्या ट्राऊटमुळं तिला आधीच जागा कमी पडली आहे.

जायला बेळगावातनं सोपं आहे. यशवंतपूर-चंदीगड संपर्क क्रांती बेळगाववरनंच जाते, आठवड्यातनं दोनदा, जवळपास दोन दिवस गाडीत जातात पण बदलाबदली नाही. नाहीतर गोवा एक्सप्रेसनं निजामुद्दीन, तिथनं रात्रीची मनालीची बस. कुठूनही आलात तरी मनालीच्या बसमध्ये कंडक्टरला सांगून ठेवायचं की औटच्या बोगद्याच्या अलीकडं उतरायचंय, पहाटे झोपेत बोगदा पार झाला तर परत यावं लागतं. औटहून बंजारला लोकल बस आणि जीप मिळते, बंजारहून पुढं गुशैणी साधारण दहा किलोमीटर.

औट-लारजीच्या पट्ट्यात बियासच्या पात्रात फोटो काढायला, हात-पाय धुवायला अजिबात उतरू नका. ८ जून २०१४ ला तिथंच थलौटजवळ लारजी धरणातनं सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे इंजिनिअरिंगचे २४ विद्यार्थी वाहून गेले. ती पोरं फोटो काढत होती, पाणी शांत होतं. मी दर वेळी तिथनं जाताना बसमधनं तो भाग बघतो आणि मला राहवत नाही म्हणून इथं सांगूलोय.

सीझनचं म्हणाल तर हिमाचलच्या ट्राऊटच्या नद्यांत १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंदी असते, तेव्हा मासा अंडी घालतो. मार्चमध्ये उघडतं पण पाणी फार गार असतंय. मला एप्रिलचा दुसरा आठवडा ते मेचा पहिला आठवडा आवडतो. मे संपता संपता वितळण इतकी वाढते की खेळायचे तास कमी होतात, आणि जुलै-ऑगस्टचा विचार करायचाच नाही, २०२३ च्या जुलैत बियासच्या पुरानं काय केलं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय.

लायसन्स लागतं, मत्स्य खात्याचं, दिवसाच्या हिशोबानं. होमस्टेवाल्यांना आधी फोन करून सांगितलं तर ते कुठं मिळतं, कोण देतं सगळं बघतात. किती मासे ठेवायचे, किती लांबीच्या खालचा सोडायचा हे नियम त्या वेळी विचारून घ्या आणि पाळा. नॅशनल पार्कच्या हद्दीत रॉड न्यायचाच नाही. आणि एक, कुठला डोह देवाचा आहे का ते गावात विचारायचं. आपल्याकडं शृंगेरीला तुंगेतल्या माशांना कुणी हात लावत नाही तसंच तिकडं जोगिंदरनगरजवळ मच्छियाल आहे, असे छोटे डोह इतर ठिकाणीही असू शकतात.

सामान

इथं बहुतेकजण चूक करतात. आपल्याकडचा हिडकलचा रॉड किंवा गोव्याच्या समुद्रावर वापरतात तो जाड रॉड घेऊन जातात. तीर्थनमध्ये मासा बहुतेक वेळा अर्धा किलोच्या आतबाहेर असतो आणि टाकायचं वजन पाच ग्रॅम, जाड रॉडनं ते पुढं जातच नाही. साडेपाच ते साडेसहा फुटाचा अल्ट्रालाइट किंवा लाइट स्पिनिंग रॉड, १००० ते २००० साइजचं रील आणि ६ पौंडाची मोनो (एकाच तंतूची) लाइन एवढं पुरे. स्पिनर, म्हणजे ओढताना पातं फिरणारा खोटा चारा, ४ ते ७ ग्रॅमचे, चंदेरी आणि सोनेरी दोन्ही. स्वच्छ पाण्यात चंदेरी लहान, पांढरट पाण्यात सोनेरी आणि एक नंबर मोठा, कारण तिथं मासा डोळ्यांपेक्षा पात्याच्या थरथरीवर येतो. स्पिनरच्या आधी छोटं स्विव्हल (फिरती कडी) लावा नाहीतर तासाभरात लाइनला पीळ बसतो. तीन काट्यांचा हूक काढून एकच ठेवा आणि त्याचा उलटा दात पक्कडनं दाबून सपाट करा, मासाही वाचतो आणि तुमचं बोटही. स्पिनर निदान दहा न्या, दगडांत अडकून जातातच.

फ्लाय फिशिंग, म्हणजे किड्यासारख्या दिसणाऱ्या खोट्या चाऱ्यानं मासेमारी, येत असेल तर ९ फुटी ५ नंबरचा रॉड, लाइनच्या पुढं ९ फुटी लीडर (निमुळती होत जाणारी दोरी), त्याच्या पुढं ४एक्स टिपेट (सगळ्यात बारीक टोक). बर्फाच्या दिवसांत वर तरंगणाऱ्या ड्राय फ्लायपेक्षा तळातनं जाणारी निम्फ (पाण्यातल्या अळीसारखी फ्लाय) चालते, फेझंट टेल आणि हेअर्स इअर, १२ ते १६ साइज, मणी लावलेल्या. पण पहिल्याच ट्रिपला फ्लाय शिकायचा हट्ट नको, चार दिवस लाइन सोडवण्यातच जातात.

कपड्यात जीन्स आणि कॉटन नको, एकदा भिजलं की वाळत नाही आणि अंगातली सगळी ऊब ओढून घेतं. लोकरीचं किंवा फ्लीसचं, वरनं विंडचीटर, आणि कोरड्या कपड्यांचा एक पूर्ण जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून काठावर. शेतातले गमबूट नेऊ नका, शेवाळाच्या दगडावर घसरतात आणि आत पाणी भरलं की पाय उचलत नाही. घोट्यापर्यंतचे लेस बांधायचे बूट, शक्यतो फेल्टच्या तळव्याचे, आणि छातीएवढी दणकट काठी. पोलराइज्ड गॉगल विसरू नका, पाण्यातला दगड आणि मासा दोन्ही त्यातनंच दिसतात, शिवाय उडून येणाऱ्या हुकापासनं डोळा वाचतो.

रॉड नेण्यासाठी प्लंबिंगच्या दुकानातला पीव्हीसी पाइप कापून दोन्ही बाजूला टोपणं लावायची, रेल्वेत सीटखाली बरोबर जातो. सांबऱ्याहून विमानानं जाणार असाल तर हूक, पक्कड, चाकू सगळं चेक-इन बॅगेत. आणि यजमानांसाठी कुंदा न्या, स्वतःसाठी शेंगाचटणी आणि कडक भाकरी, काठावर बसून त्यापेक्षा चांगलं जेवण नाही.

आधी घरी सराव

निघायच्या महिनाभर आधी सराव करा, हे सगळ्यात जास्त सोडलं जातं. हूक कापलेला स्पिनर बांधायचा, सकाळी लवकर रिकाम्या मैदानात जायचं, पंधरा पावलांवर बादली ठेवायची आणि त्यात टाकायचा. लांब टाकणं महत्त्वाचं नाही, तीर्थनमध्ये दहा-पंधरा मीटरच्या पुढं टाकायची वेळ क्वचित येते, पण दोन दगडांच्या मधल्या टोपलीएवढ्या जागेत पडलं पाहिजे. दहातले सहा बादलीच्या वीतभर आसपास पडायला लागले की तुम्ही तयार. लाइनला हूक बांधायची क्लिंच गाठसुद्धा घरीच पाठ करा, पाच वेढे, थुंकीनं ओली करून मग ओढायची, कोरडी ओढली की लाइन तिथंच कमजोर होते. गारठलेल्या बोटांनी नदीवर शिकता येत नाही.

काठावर पोचल्यावर

पहिलं काम, पाण्याला लागून असलेला एक ओळखू येईल असा दगड बघा आणि पाणी जिथं टेकलंय तिथं वर एक छोटा दगड ठेवून खूण करा. दर अर्ध्या तासानं त्याच्याकडं बघायचं. चार बोटं पाणी चढलं की नदीच्या मधनं बाहेर यायचं, पलीकडं गेला असाल तर लगेच अलीकडं यायचं, मासा लागायला लागला असला तरी.

दुसरं, पाण्यातला मुठीएवढा दगड उलटा करून बघा. खाली चपटे, दोन-तीन शेपट्यांचे किडे दिसतील ते मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय, आणि वाळूचं घर करून चिकटलेला असेल तो कॅडिस. हेच ट्राऊटचं जेवण. दगड होता तसा परत ठेवा.

आता मासा कुठं असतो. पाणी जोरात असताना तो मधल्या धारेत राहत नाही, तिथं टिकायलाच सगळी ताकद जाते. त्याला हळू पाणी पाहिजे पण खाणं आणणारी धार शेजारी पाहिजे. म्हणून मोठ्या दगडाच्या मागची निवांत जागा, दगडाच्या पुढची छोटी उशी, डोहाचा शेवट जिथं पाणी पसरून उथळ होतं, ओढा येऊन मिळतो तो कोपरा, आणि काठ. काठ हे मी दोनदा सांगेन. वितळणीच्या दिवसांत कितीतरी मासे काठापासनं हातभर अंतरावर असतात आणि माणूस थेट पाण्यात पाय घालून त्यांनाच आधी पळवतो. पाण्यात उतरण्याआधी, चार पावलं मागं उभं राहून काठाकाठानं पहिले पाच-सहा कास्ट टाका. गुशैणीला फलाचण नदी तीर्थनला मिळते, तिथं दोन पाण्यांच्या रंगातला फरक डोळ्यांनी दिसतो आणि त्या रेषेवर मला बऱ्याचदा मासा लागलाय.

ट्राऊट तोंड वरच्या बाजूला, येणाऱ्या पाण्याकडं करून असते, म्हणून आपण खालच्या बाजूनं वर जायचं. सावली पाण्यावर पाडायची नाही, उन्हाची बाजू बघून उभं राहायचं, गरज पडली तर वाकून. स्पिनर तिरका वरच्या बाजूला टाका, एक-दोन सेकंद बुडू द्या आणि मग धारेपेक्षा थोडंसंच जास्त वेगानं ओढा, पातं फिरतंय हे हाताला कळलं पाहिजे. पाणी गार असेल तेवढं सावकाश आणि तेवढं खोल. निम्फ असेल तर पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर इंडिकेटर (तरंगणारी खूण) बांधा आणि अधूनमधून तळाला टिकटिक लागेल इतकं शिसं लावा. तळाला लागतच नसेल तर तुम्ही माशाच्या डोक्यावरनं टाकताय.

आणि एका जागी बसायचं नाही. मार्कंडेयच्या डोहावर गांडूळ लावून आपण तीन तास काठी धरून बसतो, ती मजा वेगळी. इथं एका जागेत दहा कास्ट, नाही लागला तर पुढचा दगड. मी सकाळभरात दीड-दोन किलोमीटर नदी वर चढतो.

मासा लागला की रॉड उभा धरा, ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, आधीच सैल असू द्या, लाइनच्या ताकदीच्या साधारण पावभागावर सुटली पाहिजे. धारेतनं सरळ ओढायचं नाही, तिरकं दाबून काठाच्या शांत पाण्यात आणायचं. हात आधी ओले करा, कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही नंतर मरतो. कल्ल्यात बोट नाही, वाळूवर ठेवून फोटो नाही. तुम्ही श्वास रोखून धरू शकाल तेवढाच वेळ त्याला पाण्याबाहेर ठेवायचं. मग तोंड प्रवाहाकडं करून हलकं धरा, शेपटी मारून स्वतः जाईपर्यंत. मी नदीतली सगळी सोडतो. खायची असेल तर फार्मची रेनबो यजमान आणून देतात, तिला आपला तिखट मसाला लावू नका, मीठ-लिंबू लावून तव्यावर, मांस मऊ आणि तेलकट असतंय.

पाण्यात उतरताना

गुडघ्याच्या वर पाणी असेल तर पार करायचं नाही, या दिवसांत हीच हद्द. तोंड वरच्या बाजूला, काठी पुढं रोवून, एका वेळी एकच पाय. आपल्याकडं बहुतेकजण विहिरीत पोहायला शिकलेले असतात आणि त्याचा भरवसा वाटतो, पण सात-आठ अंशाच्या पाण्यात पडलं की पहिल्यांदा श्वासच अडकतो, हात चालत नाहीत. पडलातच तर वाहत्या पाण्यात उभं राहायची धडपड करू नका, पाय दगडात अडकला की पाणी अंगावरनं जातं. पाठीवर व्हायचं, पाय पुढं खालच्या बाजूला, हातांनी काठाकडं वळायचं. रॉड सोडून द्या. बाहेर आल्यावर आधी ओले कपडे काढायचे आणि मग बाकीचं. एकट्यानं जाऊ नका, जोडीदार नजरेच्या टप्प्यात पाहिजे, कारण पाण्याच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, शिट्टी गळ्यात ठेवा.

दुपारी दोननंतर मी रॉड आवरतो. मग जिभी गावाकडं जायचं, वेळ असेल तर जलोडी खिंडीपर्यंत, ती ३१२० मीटरवर आहे, तिथनं आजूबाजूच्या डोंगरांवर किती बर्फ शिल्लक आहे ते दिसतं. बर्फ भरपूर आणि ऊन कडक असेल तर दुसऱ्या दिवशी अर्धा तास लवकर सुरू करून बाराला बाहेर.

घरी आल्यावर बूट, जाळं, काठी सगळं साबणाच्या पाण्यानं धुवून बेळगावच्या उन्हात चांगले दोन-तीन दिवस खडखडीत वाळवा आणि मगच मलप्रभेत किंवा मार्कंडेयत न्या, एका नदीतलं शेवाळ आणि रोग दुसऱ्या नदीत ओल्या बुटातनंच जातात. रीलवरची पुढची पाच-सहा मीटर लाइन दगडांना घासलेली असते, ती कापून टाका, आणि कापलेला तुकडा बारीक करून कचऱ्यात, काठावर नाही.